भीमबैठकेचे कासव

आमच्या इंदूरच्या जुन्या घरी माजघराच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येई. चुन्याचे पोपडे सुटत आणि त्या डागांतून मला कधी उंटांचा तांडा, कधी जटाधारी बैरागी दिसे. ती चित्रे मी पाटीवर उतरवीत असे. एके दिवशी शाळेत गुरुजींनी ती पाटी पाहिली आणि सर्वांदेखत पुसावयास लावली. पाटी पुसली गेली. हळूहळू भिंतीवरचे उंटही दिसेनासे झाले. पुढचे सारे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले.

या विसरलेल्या प्रसंगाची आठवण गेल्या हिवाळ्यात भीमबैठकेला झाली. भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, विंध्याच्या रांगेत वालुकाश्माचे हे डोंगर उभे आहेत. या दगडाचे सारे थर सारखे कठीण नसतात. मऊ थर ऊनपावसाने आधी झिजतात, कठीण थर छपरासारखे पुढे येतात आणि माणसाला आसरा देणाऱ्या गुहा तयार होतात. या परिसरात असे सातशेहून अधिक शैलाश्रय असून त्यांतील कित्येकांत आदिमानवाची चित्रे आहेत.

वर पोहोचताच धाकटी नात ओरडली, "आबा, ते बघा कासव!" समोरच्या टेकाडावर एक शिळा मान काढून बसली होती. "कासव कसले? दगड आहे तो," हे शब्द माझ्या ओठांवर आले आणि तिथेच थबकले. गुरुजींचाच आवाज होता तो! तेवढ्यात वाटाड्याने हसून सांगितले की, इथे येणारे सारेच तिला कासव म्हणतात.

या स्थानाचा शोधही अशाच एका नजरेने लागला. १८८८ सालच्या एका इंग्रजी लेखात, स्थानिक लोकांच्या सांगण्यावरून, याचा उल्लेख बौद्ध स्थान म्हणून झाला होता. चित्रे मात्र जगाला अज्ञात राहिली. नीमचला जन्मलेले आणि उज्जैन ही कर्मभूमी केलेले डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर १९५७ साली आगगाडीने भोपाळकडे जात होते. खिडकीतून दिसणाऱ्या शिळांचा आकार त्यांना युरोपातील चित्रगुहांच्या खडकांसारखा वाटला. ते स्वतः चित्रकार होते. त्या खिडकीतून इतरही हजारोंनी पाहिले असेल. वाकणकर मात्र पुढे त्या शिळांपर्यंत गेले. २००३ साली युनेस्कोने या स्थानाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

आत एका शिळेवर हत्ती, गवे, हरणे यांची एवढी दाटी आहे की जुन्या चित्रांवर नवी चढलेली दिसतात. दुसऱ्या एका शिळेवर तांबड्या रंगात एक अवाढव्य रानडुक्कर चिमुकल्या माणसाच्या पाठीस लागले आहे, आणि त्याला चक्क शिंगे आहेत! शिंगांचे डुक्कर कोणी पाहिले? परंतु ज्याच्यामागे ते लागले, त्याला ते तसेच दिसले असावे.

दिसलेला आकार दर वेळी खराच असतो असे मात्र नव्हे. येथील सभागृहासारख्या भव्य गुहेच्या छतावर पानासारखी एक आकृती शास्त्रज्ञांना आढळली. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या 'डिकिन्सोनिया' या जीवाचा तो ठसा असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. २०२३ साली दुसऱ्या संशोधकांनी जवळून तपासून दाखवून दिले की, तो मधमाश्यांच्या कुजलेल्या पोळ्याचा अवशेष आहे. पहिल्या लेखाच्या प्रमुख संशोधकाने चूक मोकळेपणाने मान्य केली. मला यात हसण्यासारखे काही वाटले नाही. आधी आकार दिसावा लागतो, मग जवळ जाऊन पाहावे लागते. विज्ञानात त्याची पारख होते, कलेत त्याला हाताचे कष्ट जोडावे लागतात. सुरुवात मात्र दोन्हीकडे त्या एका नजरेनेच होते. तीच कोवळ्या वयात पुसली, तर पारख तरी कशाची करायची?

संध्याकाळी मुक्कामी नातीने वहीत ते कासव काढले. त्याच्या डोक्यावर दोन शिंगे होती. "बरोबर आहे ना, आबा?" तिने विचारले. मी म्हटले, "अगदी बरोबर. आता मला एक कागद दे पाहू."