पाकिटावरचा नंबर

नोव्हेंबर 2014 चा दुसरा आठवडा. दुर्ग जिल्ह्यातल्या अहिवाऱ्यात, नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीजवळ राहणाऱ्या एका मराठी घरात सकाळचा चहा झाला होता. सुनेने वर्तमानपत्र उघडले आणि ती वाचतच राहिली. बिलासपूरजवळच्या शिबिरात नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या बायका एकामागून एक दगावत होत्या. त्यांना दिलेल्या गोळ्यांत उंदीर मारायचे विष असल्याचा संशय होता. गोळीचे नाव सिप्रोफ्लॉक्सासिन.

तेच नाव फडताळातल्या पाकिटावर होते! सासूबाईंना लघवीच्या त्रासाने ताप आला होता. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. दोनच दिवस झाले होते आणि उतारही पडत होता. तिने पाकीट उचलले आणि सरळ कचऱ्यात टाकले.

"आई, देवानेच वाचवले तुम्हाला," ती म्हणाली.

दोन दिवसांनी रात्री सासूबाई थंडीने कुडकुडू लागल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "गोळी कोणत्या कंपनीची होती? पाकिटावरचा बॅच नंबर पाहिलात का?"

तिने पाहिला नव्हता. पण पाहून तरी ती तो कशाशी ताडून पाहणार होती? संशय एका ठराविक कारखान्याच्या मालावर होता. हे औषध देशात कितीतरी कंपन्या बनवतात. तिच्या हातातल्या बातमीत मथळा मोठा होता. कंपनी आणि बॅच नंबर मात्र नव्हते. तेवढ्या दोन ओळी असत्या, तर म्हातारीचा ताप उलटला नसता. आता सुनेला दोष कसा द्यायचा? तिने तर छापील शब्दावर विश्वास ठेवला होता.

मग अशा बातम्या छापूच नयेत का? तसे म्हणणे अधिक घातक! 8 नोव्हेंबरला पेंडारीतल्या बंद पडलेल्या एका खाजगी रुग्णालयात एकाच सर्जनने काही तासांत 83 बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. सरकारचाच नियम दिवसाला 30 चा. त्या बायकांपैकी अनेक जणी गेल्या. विषाचा मथळा आला आणि बोलणे गोळ्यांभोवतीच फिरू लागले. पुढे शवविच्छेदनाच्या अहवालांतून जंतुसंसर्गाकडे बोट दाखवले गेले. पण पहिल्या पानावरचे विष वाचकाच्या मनात राहते, नंतरचा अहवाल आतल्या पानावर कुठेतरी येतो.

काही वार्ताहरांनी मात्र गावोगाव जाऊन घरच्या माणसांना विचारले, बायकांना शिबिरात कोणी आणले, इतकी घाई कशासाठी होती, हत्यारे नीट निर्जंतुक केली होती का. खरे प्रश्न हेच होते. 14 सप्टेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. ती याचिका बिहारमधल्या 2012 च्या शिबिरावरून आलेली. पण निकालात बिलासपूरचाही विचार झाला.

अहिवाऱ्यात सासूबाई आठवड्याभरात हिंडू-फिरू लागल्या. सुनेने वर्तमानपत्राला पोस्टकार्ड लिहिले: औषधाची बातमी देताना कंपनीचे नाव, बॅच नंबर आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत, एवढे तरी छापा.

पत्र छापून आले नाही. सासूबाई मात्र तेव्हापासून प्रत्येक पाकीट चष्मा लावून उलटसुलट पाहतात आणि सुनेला हाक मारतात, "अगं, हा नंबर वाच बघू."