नव्या विंडोजवर सेव्हन पॉइंट झीरो

फोटोशॉप उघडताना पडद्यावर एक पाटी येते. ते बनवणाऱ्यांची नावं तिच्यावर बारीक अक्षरात असतात. त्यात सॉफ्टवेअरचा मूळ कर्ता थॉमस नोल आहे, पण आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांची नजर सीतारामन नारायणन या नावावर थांबते. आमच्या अंबडच्या दुकानात काम शिकायला आलेल्या प्रत्येक पोराने मला विचारलंय, हा आपल्यातलाच आहे का? अमेरिकेत बसून आपल्यासारख्यांचं हत्यार घडवणारा एक भारतीय इंजिनियर, एवढंच मी सांगायचो. पोरांना तेवढं पुरायचं.

मी म्हणतो ते फोटोशॉप ७.० आहे, २००२ सालचं. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी रोलचा कॅमेरा जाऊन डिजिटल आला, तो साधारण त्याच सुमाराला. त्यामुळे जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कुठल्याही बाजारपेठेत गेलात तरी आमच्या पिढीचा स्टुडिओवाला सेव्हन पॉइंट झीरोवरच शिकलेला सापडतो. पुढे कितीतरी आवृत्त्या आल्या. २०१३ पासून तर कंपनीने नव्या आवृत्त्या विकणं थांबवून भाड्याने द्यायला सुरुवात केली. लग्नसराईत दिवसरात्र एडिटिंग करायचं आणि श्रावणात पासपोर्ट फोटोंवर दिवस काढायचे, अशा धंद्याला दर महिन्याचं भाडं परवडत नाही. छापखान्याच्या कामासाठी घेतलेली खोक्यातली प्रत माझ्याकडे होती. तिच्यावर नंबर होता. सेव्हनला तेवढा नंबर टाकला की झालं, इंटरनेटवरून परवानगी घ्यायची भानगड पुढच्या आवृत्तीपासून आली. म्हणून मी तीच चालवत राहिलो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद केली. माझा जुना पीसी विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. त्यासाठी टीपीएम नावाची सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही अलीकडचा लागतो. तशात जुन्या पीसीची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली होती. नवा पीसी घेतला. विकणाऱ्याने सांगून टाकलं, "साहेब, तुमचं ते जुनं फोटोशॉप विसरा आता. यावर चालायचं नाही." विसरून भागणार नव्हतं. माझ्या कपाटात आणि डिस्कवर शेकडो लग्नांच्या पीएसडी फायली होत्या, लेयरसकट.

पहिली अडचण अगदीच साधी होती: नव्या पीसीला सीडी घालायला जागाच नव्हती. इथे बरेच जण इंटरनेटवरून कुठलं तरी 'पोर्टेबल' फोटोशॉप उतरवून घेतात. तसं करू नका. अशा फुकट फायलींतून व्हायरस येतात, सगळ्या डिस्कला कुलूप लागतं आणि खंडणी मागितली जाते. यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह फार महाग नाही. मी तो घेतला, माझी सीडी घातली, नंबर टाकला. फोटोशॉप बिनतक्रार बसलं. ते ३२ बिटचं सॉफ्टवेअर आहे आणि ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचं काम अजूनही चालवून घेतं. त्याहून जुनी, १६ बिटच्या काळातली सॉफ्टवेअरं मात्र त्यावर उठतच नाहीत.

बसलं खरं, पण उघडेना. फाईल लॉक आहे किंवा तुम्हाला अधिकार नाही, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश यायचा. मुलगी छत्रपती संभाजीनगरला इंजिनियरिंगला आहे, तिला फोन लावला. ती म्हणाली, "पप्पा, आयकॉनवर राइट क्लिक करा आणि रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर घ्या." तसं केलं आणि सीतारामन नारायणन हजर झाले. आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. फोल्डरमधला फोटो माउसने ओढून फोटोशॉपात टाकायची आमची सवय, आणि तेच होईना. ओढायला गेलं की नकाराचं गोल चिन्ह दिसायचं. कारण नंतर कळलं. अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चाललेल्या सॉफ्टवेअरमध्ये साध्या अधिकाराच्या खिडकीतून काही टाकायला विंडोज मनाई करतं. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे.

मग मुळाशी गेलो. सेव्हन ज्या काळात बनलं, त्या काळात सॉफ्टवेअर आपल्या सेटिंगच्या नोंदी स्वतःच्याच फोल्डरात बिनदिक्कत लिहायची. आजचं विंडोज 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये असं कोणालाही लिहू देत नाही. मी फोटोशॉप काढून डी ड्राइव्हवर साधं फोल्डर करून त्यात पुन्हा बसवलं. अॅडमिनिस्ट्रेटरची गरज संपली आणि फोटो ओढून टाकणंही पूर्ववत झालं. राहिला प्रश्न डोळ्यांचा. नव्या मॉनिटरवर बिंदू इतके दाट की सेव्हनची टूल्सची पट्टी मुंगीएवढी दिसायची. आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कंपॅटिबिलिटी' आहे, तिथे हाय डीपीआयचं सेटिंग 'सिस्टिम'वर केलं, म्हणजे विंडोज स्वतः ते चित्र मोठं करून दाखवतं. अक्षरं जराशी धुरकट येतात, पण माझ्या वयाला धुरकट मोठं चालतं, स्वच्छ बारीक चालत नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, ते एका कामावरून सांगतो. घनसावंगीकडच्या एक आजी बाजाराच्या दिवशी फ्रेम घेऊन आल्या. आत मालकांचा एकुलता एक फोटो, कृष्णधवल, काचेला चिकटलेला. धाब्याच्या घरातली ओल, चुलीचा धूर आणि दर सणाला काचेवर लावलेलं हळदीकुंकू, एवढं सगळं त्या फोटोने सोसलेलं. "आमचा दोघांचा मिळून फोटू कधी निघालाच नाही रे लेकरा. एकत्र करून दे. वरीस सरायच्या आत पाहिजे." आमच्या भागात जोडफोटोचं काम नेहमी येतं. जुन्या पिढीतल्या कितीतरी नवरा-बायकोंनी कॅमेऱ्यासमोर एकत्र उभं राहण्याचा प्रसंगच आला नाही, आणि गेल्यानंतर भिंतीवर तरी शेजारी असावं अशी मागच्याची इच्छा असते.

असा चिकटलेला फोटो काचेवरून कधीही ओढून काढू नये, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करायचा. इथे नव्या पीसीने पुन्हा अडवलं. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर विंडोज ११ साठी निघालेलाच नाही. सॉफ्टवेअर ३२ बिटचं चालतं, ड्रायव्हर मात्र ६४ बिटचाच लागतो. व्ह्यूस्कॅन नावाचं एक सॉफ्टवेअर विकत मिळतं, कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी स्कॅनर ते स्वतःच्या बळावर चालवतं. माझाही चालला. स्कॅन टिफमध्ये घेतला आणि सेव्हनमध्ये उघडला.

पुढचं काम हीलिंग ब्रशचं. हा ब्रश फोटोशॉपात पहिल्यांदा आला तो याच ७.० मध्ये, सोबत पॅच टूलही. त्याआधी आम्ही क्लोन स्टॅम्पने डाग बुजवायचो. तो शेजारचा तुकडा जसाच्या तसा उचलून ठेवतो, म्हणून गालावर ठिगळ दिसायचं. हीलिंग ब्रश पोत एकीकडून घेतो आणि उजेड-सावली जिथल्या तिथली ठेवतो. त्यामुळे भेग बुजते, पण गालाचा उतार बिघडत नाही. त्या गृहस्थांच्या डाव्या डोळ्याखालून काचेची भेग गेली होती. ती बुजवताना डोळ्याची कड मी सोडून दिली, तेवढा भाग हाताने केला. आज एका बटणावर चेहरा नवाकोरा करून देणारी एआयची साधनं आहेत, मीही वापरून पाहिली. ती चेहरा सुंदर करतात, पण जिथे तपशील नाही तिथे आपल्या मनाने भरतात. नाकाचा शेंडा, भुवईची ठेवण जरा जरी बदलली तरी घरची माणसं म्हणतात, हे आमचे दादा नाहीत. आजींनी प्रिंट हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, "हेच ते. कपाळाची शीरसुद्धा हाय." त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागलं नाही, हे खरं. पण जुनंच लागलं असंही नाही. हीलिंग ब्रश आज सगळ्यांकडे आहे.

जुन्याशिवाय खरोखर जिथे अडतं, ती जागा जुन्या फायलींतल्या मराठी अक्षरांची. सेव्हनला युनिकोडची देवनागरी जुळवता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं मोडतात. म्हणून त्या काळी आम्ही शिवाजी, कृतीदेव असे फॉन्ट वापरायचो. त्यांच्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे आकार बसवलेले असतात, आतून मजकूर इंग्रजीच असतो. फॉन्ट नसेल तर 'चि. सौ. कां.'च्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं येतात. गंमत अशी की फाईल उघडल्यावर सुरुवातीला सगळं ठीक दिसतं, कारण अक्षरांचं चित्र फाईलमध्ये साठवलेलं असतं. नाव दुरुस्त करायला मजकुरात शिरलं की सगळा लेयर बदलून जातो.

नव्या पीसीवर जुने फॉन्ट टाकले, तरी सेव्हनच्या यादीत दिसेनात. हल्लीचं विंडोज फॉन्ट नुसता बसवला तर फक्त त्या वापरकर्त्याच्या खात्यात ठेवतं आणि जुनी सॉफ्टवेअरं तिथे बघतच नाहीत. राइट क्लिक करून 'सगळ्यांसाठी' असा इन्स्टॉलचा पर्याय घेतला तेव्हा दिसले. फॉन्टच्या एका पॅकेजचा विषय मात्र तिथेच संपला. त्याचं डाँगल, म्हणजे परवान्याची किल्ली, प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये बसायचं आणि तसं पोर्ट आता पीसीला येत नाही. त्या फॉन्टमधली नावं दुरुस्त करायची वेळ आली तर मी नव्या फॉन्टमध्ये पहिल्यापासून लिहितो.

आता जुन्याची बाजू किती लंगडी आहे तेही सांगायला हवं. आयफोनचे हाइक फोटो सेव्हन उघडत नाही, आधी जेपेग करून घ्यावे लागतात. पीसीत १६ जीबी रॅम असली तरी हे ३२ बिटचं सॉफ्टवेअर २ जीबीच्या पलीकडे वापरत नाही. बारा बाय छत्तीस इंची अल्बमचं एक पान ३०० डीपीआयला एका लेयरमध्ये शंभर एमबीच्या वर जातं. त्यावर नवरा-नवरीचे पाचसहा लेयर चढले की ते धापा टाकतं. पोरं आज ज्या तयार पीएसडी डिझाइन वापरतात, त्यांत स्मार्ट ऑब्जेक्ट असतात. ते २००५ च्या आवृत्तीत आले, म्हणून सेव्हनला कळत नाहीत. अल्बमचं नवं काम आता माझा पुतण्या भाड्याच्या नव्या फोटोशॉपवर करतो, सराईच्या महिन्यांपुरतं. ज्यांना तेही नको, त्यांच्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे, आणि पूर्ण मोफत गिम्प आहे. गिम्पची ३.० ही मोठी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. दोन्ही पीएसडी उघडतात. जुन्या मराठी फॉन्टचे लेयर त्यांत तपासूनच पुढे जावं.

तेव्हा माझ्या दुकानाची व्यवस्था ठरली आहे. नवं काम नव्यावर, जुन्या फायली आणि जुने फोटो सेव्हनवर. ज्या खात्यात सेव्हन चालतं, तिथून बँकेचे व्यवहार करत नाही. आणि मोकळ्या वेळात एकेक जुनी फाईल सेव्हनमधून बाहेर काढतो आहे. विंडोजची पुढची आवृत्ती ३२ बिटचं चालवेल याची हमी कुणी दिलेली नाही.

जालना जिल्ह्यातल्या, आणि बाहेरच्याही, स्टुडिओवाल्या भावांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या कपाटात वीस वर्षांच्या सीड्या पडून असतील. त्यांचा चकचकीत थर उडत चालला आहे. पावसाळ्यात धंदा मंद असतो, तेव्हा हे काम उरकून घ्या. सीड्या डिस्कवर उतरवा आणि त्या डिस्कची एक प्रत दुकानाबाहेर, घरी ठेवा. प्रत्येक पीएसडीसोबत पूर्ण आकाराची एक टिफ काढा. मराठी मजकुराचे लेयर 'कन्व्हर्ट टू शेप' करून वेगळ्या प्रतीत जतन करा. वापरलेला फॉन्ट त्याच फोल्डरात ठेवा. गिऱ्हाइकाने अल्बमचे पैसे दिले तेव्हा त्या फायली सांभाळायचा करार कुणी लिहून घेतला नव्हता, पण घरातला फोटो खराब झाला की माणूस आपल्याच दारात येतो.

जुनं सॉफ्टवेअर चालतंय तोवर जरूर चालवा. लोकांच्या आठवणी त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका.