पेव

आमच्या देवणीत आता धान्याचं पेव बघायला मिळत नाही. माझ्या लहानपणी मात्र घराची ऐपत पेवावरून ठरायची. माणूस उभा बुडेल एवढा खड्डा, तोंड अरुंद नि पोट मोठं. आतून कडब्याचं आणि भुशाचं अस्तर, त्यात ज्वारी, वरून पुन्हा भुसा घालून तोंड मातीनं लिंपून टाकलेलं. ज्याचं पेव भरलेलं त्याला पावसाची फिकीर नाही, असं सगळं गाव धरून चालायचं.

आमचं पेव नव्हतं. माझे आजोबा दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते आणि मालकाचं पेव उघडलं की आत उतरायचं काम त्यांचं. आधी तोंड मोकळं करून कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. बंद पेवात दाण्यांमुळे प्राणवायू संपत जातो आणि तळाशी कर्बवायू साचतो, हे मला पुढे शाळेत कळलं. आजोबांना एवढंच ठाऊक होतं की पेव माणूस खातं. तळाची ज्वारी ओल लागून काळी पडलेली, तिला आंबूस वास. ती सालगड्याच्या वाट्याला यायची. आजी ती चार-चार वेळा धुऊन वाळवायची, तरी भाकरीचा वास जायचा नाही.

बिदर भागातल्या मेथडिस्ट मिशनच्या कामातून ख्रिस्ताचं नाव आमच्या घरात आलं, तेव्हा देवणी निजामाच्या मुलखात होती. आजीला अक्षरओळख नव्हती. सगळं शास्त्र तिनं कानांनी साठवलं. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, काहींनी तो दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला आणि त्यात किडे पडून घाण सुटली, ही गोष्ट तिला कुणी समजावून सांगावी लागली नाही. तो वास तिच्या ओळखीचा होता. लूकच्या शुभवर्तमानातला धनवानही तिला गावातलाच वाटायचा. पीक अमाप आलं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला आणि त्याच रात्री मरणारा तो माणूस. येशूनं ही गोष्ट कशावरून सांगितली, तर गर्दीतल्या एकानं भावाकडून वाटणी मिळवून द्या म्हणून गळ घातली होती, त्यावरून. आमच्याकडे बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या तारखा चालतात. ऐकणाऱ्याला तो माणूस कसा ओळखू येणार नाही?

1972 साली ज्वारी उगवलीच नाही म्हटलं तरी चालेल. घरातली सगळी मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर लाल मिलो मिळायचा, कामावर सुकडी. मालकाचं पेवही त्या वर्षी खरवडून रिकामं झालं आणि आजोबांना आत उतरायचं कारण उरलं नाही. आजी पीठ मळताना एकच मागायची, आजचं भागू दे. एकदा मी विचारलं, उद्याचं का मागत नाहीस? ती म्हणाली, “पेवाला बूड असतंय बाई, त्येच्या हाताला न्हाई. उद्या पुन्हा मागू की.”

मला इथं स्पष्ट बोललं पाहिजे. भरल्या पोटाच्या माणसानं उपाशी माणसाला देवावर भरवसा ठेव म्हणून सांगणं मला पाप वाटतं. येशूनं ती गोष्ट सालगड्याची नाही, कोठारवाल्याची सांगितली आहे. सालगड्याकडे टेकायला दुसरं होतंच काय? परीक्षा असते ती पेव भरल्यावर.

आणि भरवसा म्हणजे हात बांधून बसणंही नव्हे. पंडिता रमाबाईंचं चरित्र मी पुन्हा पुन्हा वाचते ते यासाठी. 1874 च्या सुमारास दुष्काळातल्या वणवणीत त्यांचे वडील, आई आणि बहीण गेली. भूक त्यांनी अंगावर सोसलेली होती. तरी 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आपल्या आश्रयाला आणल्या. अमेरिकेतल्या मंडळानं त्यांच्या कामाला दहा वर्षांपुरती दिलेली मदतीची हमी 1898 मध्ये सरत होती. शहाण्या माणसानं अशा वेळी माणसं कमी केली असती. रमाबाईंनी 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आणल्या. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले, छापखाना चालवला, आणि उद्याचा खर्च देवावर सोपवला. अनाथ मुलीला दारातून परत पाठवून शिल्लक वाढवायची, हा हिशेब त्यांनी मांडला नाही. मला यात भरवशाचं खरं रूप दिसतं.

मला नोकरी लागली आणि घरात पत्र्याची कोठी आली, पुढे बँकेत मुदतठेव. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली तेव्हा आम्ही अंगणात धावलो. किल्लारीच्या बाजूला दगडमातीची जाडजूड माळवदं माणसांवर कोसळली होती. सुमारे आठ हजार माणसं गेली. थंडी-उन्हात सांभाळतात म्हणून ज्या भिंती पिढ्यांनी जाड बांधल्या, त्यांच्याच खाली. त्या माणसांचा भरवसा कमी पडला असं जो म्हणेल त्याच्याशी मी बोलणार नाही. ते का घडलं याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि उत्तर नसतानाही त्या रविवारी मी प्रार्थनेला गुडघे टेकले. देवा, भिंत पडू देऊ नकोस, असं मी तेव्हापासून मागत नाही. भिंत पडली तरी तू सोडू नकोस, एवढंच मागते. पैशाची भिंतही तशीच. 2016 च्या एप्रिलमध्ये पाणीटंचाईत मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा बँकेत पैसे असलेली माणसंही घागरी घेऊन रांगेत होती.

माझा भाचा सोयाबीन घरात ठेवून भाव चढायची वाट बघत असतो. परवा त्यानं विचारलं, “मावशी, मग ठेव मोडून वाटून टाकायची का?” मी नाही म्हणाले. म्हातारपणी औषधं लागतात, आणि ती विकत आणायची तर पैसे लागतात. पण एखादी गरजू पोर दारात आली आणि माझं मन पहिल्यांदा पासबुकाकडे धावलं, तर मी पेवात उतरले आहे आणि कंदील बारीक होतो आहे, असं समजते. भाच्याच्या घरामागं राहणाऱ्या मजुराच्या मुलीला नर्सिंगला जायचं आहे आणि फी भरायला कुणी नाही. सोयाबीन विकलंस की निम्मी फी तू भर, निम्मी मी भरते, असं मी त्याला सांगितलं आहे. तो अजून हो म्हणालेला नाही. माझ्या ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात भरते.