भिलाईची दोरवाट

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया सोडून पुढे निघाली, की काही वेळाने डोंगरगडच्या टेकडीवरील बमलेश्वरीचे देऊळ दिसू लागते. डब्यात मुले असतील, तर ते प्रथम कोणी पाहिले यावरून तंटा ठरलेला. मग राजनांदगाव, दुर्ग, आणि दुर्गला लागूनच भिलाई. पोलादाच्या या गावी लहान मुलांना न्यावे असे तेथे आहे तरी काय, असे आपणांस वाटेल. धुराडी, भट्ट्या आणि रुळांचे ढीग एवढेच चित्र मनात घेऊन मीही प्रथम तेथे गेले होते. आज मात्र थंडीच्या सुटीत मुलांना कोठे न्यावे असे कोणी विचारले, तर मी भिलाईचे नाव घेते.

मराठी माणसाला हे गाव तसे परके नव्हे. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार होऊन येथील पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ निराळा झाला. २००० साली छत्तीसगड राज्य झाले. दरम्यान ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले होते. दल्ली-राजहराच्या खाणींतील लोहखनिज येथे येते आणि आगगाडीचे रूळ होऊन बाहेर पडते. जोडून तयार केलेला असा रूळ २६० मीटर लांब असू शकतो. हे ऐकून माझ्या सात वर्षांच्या नातीने विचारले, "बाबा, एवढा लांब रूळ वळणावरून कसा नेतात?" माझ्या मुलाने खराट्याची एक काडी घेऊन ती हलकेच वाकवून दाखविली. वस्तू पुरेशी लांब असली, की पोलादही लवते.

माझा मुलगा याच गावी नोकरी करतो. त्याचे काम उंचावरचे आहे. ही गोष्ट त्याने मला पहिली दोन वर्षे सांगितली नव्हती. का, ते पुढे येईलच.

पाहुण्यांना येथे प्रथम मैत्रीबाग दाखवितात. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून कारखान्याने १९७२ साली उभारलेली ही बाग व प्राणिसंग्रहालय पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध आहे. आपणही ती अवश्य पाहावी. परंतु चार वर्षांच्या मुलाला वाघ किती वेळ पुरतो? आमच्या नातवाला दहा मिनिटे पुरला. त्यानंतर त्याचे सारे लक्ष वाटेकडेच्या एका ओंडक्याकडे होते. त्यावर चढावे, उतरावे, पुन्हा चढावे. मी त्याचा हात धरून होते आणि तो तो सोडवू पाहत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भिलाईच्या वसाहतीत सेक्टरांचे रस्ते रुंद आहेत, घरांभोवती मोकळी जागा आहे आणि झाडांना तोटा नाही. घरामागच्या मैदानात माझा मुलगा व त्याचे दोघे शेजारी थंडीतल्या रविवारी कडुनिंबाच्या चार झाडांना दोर बांधतात आणि सेक्टरातील मुले त्यांवरून चालतात. मुलांनी त्याला 'दोरवाट' असे नाव दिले आहे. रचना अगदी साधी. पायांखाली एक जाड दोर, जमिनीपासून मोठ्या माणसाच्या गुडघ्याहून खाली. हातांसाठी दुसरा, मुलाच्या छातीइतका उंच. एका टप्प्यावर दोरांची जाळी, दुसऱ्यावर लोंबते ओंडके, शेवटी झोका घेऊन उतरण्याची जागा. खाली खणून भुसभुशीत केलेली माती व वर वाळू. दोराने साल सोलली जाऊ नये म्हणून बुंध्यांभोवती गोणपाट.

फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर यांनी गेल्या शतकाच्या आरंभी चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे यांवर व्यायामपद्धती बसविली. १९४१ साली वेल्समध्ये आउटवर्ड बाउंड ही शाळा निघाली. आजचे दोरीचे खेळ या परंपरेतले मानतात. ते असो, दोर हे व्यायामाचे साधन आहे हे आपल्याला कोणी येऊन सांगावयास नको. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे तेज दिले, आणि दोरीचा मल्लखांब करणाऱ्या मुली आपण पाहिल्या आहेत. याच छत्तीसगडातील नारायणपूरच्या अबूझमाड मल्लखांब अकादमीच्या मुलांनी देशभर नाव मिळविले आहे.

हे सारे ठाऊक असूनही त्या रविवारी माझ्या पोटात गोळा आला. माझा हा मुलगा सहा वर्षांचा असताना अंगणातील आंब्याला मी स्वतः झोका बांधून दिला होता. दोर जुना होता, दोन पावसाळे बाहेर राहिलेला. वरून धड दिसत होता, आतून कुजला होता. तो तुटला, मुलाचा हात मोडला, दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला. त्या दिवसापासून मी त्याला झाड बंद केले, गच्चीचा कठडा बंद केला, नदीही बंद केली. दोर मात्र तपासावयास शिकले नाही.

थोरली नात भराभर पार झाली. धाकटा मध्यापर्यंत गेला आणि थांबला. वरच्या दोराला त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरले, खालचा दोर पायांखाली डुलू लागला आणि तो रडू लागला. मी धावले.

"आई, थांब," मुलगा म्हणाला.

"अरे, रडतोय तो. उचल त्याला."

"घाबरलाय. पण पडला तर वाळूतच बसेल. मी आहे ना जवळ."

तो खरोखरच हातभर अंतरावर होता, परंतु त्याने हात लावला नाही. खाली बसून त्याने एवढेच विचारले, "उतरायचे आहे का?" नातवाने मान हलविली, उतरावयाचे नव्हते. "मग कोणता पाय हलेल आता?" पुष्कळ वेळ गेला. मला तो फारच मोठा वाटला. मग डावा पाय वीतभर सरकला.

संध्याकाळी मी मुलाला विचारले, तू उंचावर असतोस तेव्हा तुला भीती वाटत नाही का? तो म्हणाला, "वाटते. वाटलीच पाहिजे. पण पट्ट्याला दोन आकडे असतात. दुसरा अडकल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. एवढे पाळले की भीती आपली भीतीच्या जागी राहते."

आपण मुलांना अशा ठिकाणी नेणार असाल, किंवा अंगणात दोर बांधणार असाल, तर त्याने मला सांगितलेले थोडे येथे देते. दोराचे पीळ उलगडून आत पाहावे. आतून भुकटी पडत असेल तर तो दोर टाकून द्यावा. गाठ निरगाठ असावी. ओढताच सुटणारी सुरगाठ येथे कामाची नाही, आणि मुलाची मान अडकेल असा फास कोठेही राहू नये. मुलाच्या गळ्यातील दोरा, मफलर, ओढणी आधी काढून ठेवावी. सायकलचे शिरस्त्राणही काढावे; त्याचा पट्टा जाळीत अडकतो. उंच दोरवाटेवर, जेथे पट्ट्याने बांधून नेतात, तेथे लहान मुलाला नुसता कमरेचा पट्टा पुरत नाही. त्याचे डोके जड व कंबर अरुंद असते. उलटे झाल्यास तो पट्ट्यातून निसटू शकतो. खांद्यांवरून येणारा पूर्ण पट्टा मागावा, आणि नसेल तर निमूट परत यावे. मूल कितीही रडो.

भिलाईला जावयाचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. उन्हाळ्यात तेथील ऊन विदर्भासारखेच कडक असते.

सूर्य मावळतीला आला तेव्हा दोर सोडून गुंडाळण्याचे काम मी मागून घेतले. नातू शेपटासारखे टोक धरून मागे चालत होता. हातभर दोर घ्यावा, पीळ उलगडावा, बोटाने चाचपावे, पुढे जावे. ओंडक्यांच्या टप्प्यावरील दोरात एके ठिकाणी दोन पदर तुटलेले लागले. मी मुलाला हाक मारली. त्याने ते पाहिले, चाकूने तेथेच दोर कापला आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी नवा आणू. आई, तू असशील ना तोवर?"

माझे परतीचे तिकीट शुक्रवारचे होते. ते मी बदलून घेतले.