आजीचा ओवा

आमच्या आजीच्या चंचीत ओव्याची पुडी असतेच. गल्लीतल्या कोणाचेही पोट दुखले की तो आमच्या घरी येतो.

पोळ्याला मी पुरणपोळ्या जास्तच खाल्ल्या. किती ते सांगत नाही. रात्री पोट फुगून दगडासारखे झाले. आजीने ओवा आणि शेंदेलोण चावायला दिले. वरून कोमट पाणी. मग ढेकर आले आणि मी झोपलो.

हे मी वर्गात सांगितले. गुरुजी म्हणाले, ओव्याला वास येतो तो थायमॉलचा, त्याने जंतू मरतात. सुंठ मळमळीवर चालते, हे पुष्कळ रोग्यांवर तपासून पाहिलेले आहे. ओव्याची तशी तपासणी कमी झाली आहे. "गॅस आपोआपही जातो," असे ते म्हणाले. मला ते पटले नाही.

पण गणपतीत माझ्या लहान भावाला ढाळ लागले. तो दोन वर्षांचा आहे. आजीने ओवा वाटून चाटवला, तो त्याने ओकला. आजी म्हणाली, "पानी देऊ नको, आनखी लागन." दुपारपर्यंत त्याचे डोळे खोल गेले. रडे पण डोळ्यांत पाणीच येईना. मला फार भीती वाटली. मी पळत आशाताईंकडे गेलो. त्यांनी ओआरएसची पुडी १ लिटर पाण्यात मिसळली आणि लगेच दवाखान्यात न्या म्हणाल्या. ऑटोत आई सबंध रस्ता चमच्याने पाजत होती. दवाखान्यात सलाईन लावले. दुसऱ्या दिवशी तो माझे केस ओढू लागला. झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायला सांगितल्या.

गुरुजींनी नंतर सांगितले की साखर सोबत असली म्हणजे आतडे मीठ आणि पाणी आत ओढून घेते. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित आले. बंगालमध्ये बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोडा घातलेले पाणी पाजायला लावले. आधी १०० रोग्यांत सुमारे ३० मरत, ते ४ पेक्षा कमी झाले.

पुडी नसली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ जास्त घालू नये.

मी हे सगळे आजीला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या पान्यात ओवा नोयता टाकला काय रे त्यायनं?"