पाठराखीण

अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयातून उदासीच्या आजारावरची पहिली गोळी घेऊन कुणी गावी निघालं, की त्याच एसटीत हीही चढते. गोळी म्हणजे नवरी आणि ही तिची पाठराखीण. नाव सुस्ती. गुंगी, झापड, पेंग ही तिची लाडाची नावं. लग्नघरातला प्रकार इथेही होतो. नवरी मान खाली घालून बसलेली असते आणि नजरेत भरते ती पाठराखीण. नवरीला घरात रुळून हाताला काम लावायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. बाईसाहेब मात्र पहिल्याच रात्री पाय पसरून मोकळ्या.

म्हणून तर गावात कुठल्याही मनाच्या औषधाला सरसकट ‘झोपेची गोळी’ म्हणतात. बिचाऱ्या नवरीला अजून कुणी ओळखतही नसतं.

बाईंना घराण्याचा भारी अभिमान. मूळ थेट स्वित्झर्लंडचं! तिथल्या रोलांड कून नावाच्या डॉक्टरांनी 1957 साली इमिप्रामिन उदासीवर चालतं असं जगाला सांगितलं. त्या औषधाचं रसायन ॲलर्जीच्या गोळ्यांच्या भावकीतलं. मेंदूला जागं ठेवणाऱ्या हिस्टामिनची वाट अडवायची, ही त्या भावकीची जुनी खोड. सर्दीची गोळी खाऊन भर दुपारी पेंगलेल्या माणसाला बाईंची चुलत बहीण भेटलेली असते, एवढंच.

पण प्रत्येक नवरीबरोबर तिची वागणूक वेगळी. ॲमिट्रिप्टिलिन किंवा मिर्टाझापिन आली की ती मोठी ट्रंक घेऊनच येते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनबरोबर पिशवीवर भागवते. फ्लुओक्सेटिनबरोबर बऱ्याचदा येतच नाही, उलट रात्रीची झोप उडवणारी दुसरीच कुणी येते. म्हणून ती गोळी डॉक्टर सकाळी घ्यायला सांगतात. शेजारणीला कुठली गोळी मानवली यावरून आपल्याकडे कोण मुक्कामाला येणार याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवण्यात तर ती पटाईत. ती येण्याआधीही घरात थकवा होताच. उदासीच्या आजाराचा स्वतःचा थकवा असतो. तो बहुधा सकाळी छातीवर बसतो आणि दिवस कलता कलता थोडा हलका होतो. हिचा अंमल गोळी पोटात गेल्यावर काही तासांत चढतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रेंगाळतो. दोघांची गर्दी झाली की कोण कुठला ते कळेनासं होतं. त्यात रक्त कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, किंवा म्हाताऱ्या माणसाच्या अंगातलं सोडियम गोळीमुळे खाली गेलं असेल, तरी सगळे गुन्हे हिच्याच नावावर. शहाणा डॉक्टर आधी हिमोग्लोबिन बघतो. बाई गुन्हे कबूल करून बसलेली असते, तरीही बघतो.

मे महिन्यात ती विशेष खुलते. पत्र्याची खोली, बाहेर बीडचं ऊन, त्यात काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडलेली. पाणी कमी प्यालं की बाईंचा जोर दुप्पट. बाजेवरून झटक्यात उठलं की डोळ्यांपुढे अंधारी आणून दाखवते. दारूशी तिची जुनी मैत्री आहे, दोघी भेटल्या की माणूस जागचा हलत नाही. चहाचं वैर नाही, पण संध्याकाळनंतर ढोसलेला चहा रात्रीची झोप खातो आणि दुसऱ्या दिवशी बाईंचंच फावतं. सकाळच्या उन्हात बांधावरून मारलेली चक्कर मात्र तिला खपत नाही. फुरंगटून बसते.

घरातलं राजकारण वेगळंच. “सहा वाजले तरी सून उठंना झालीय” हे वाक्य ओसरीवरून अख्ख्या वाड्याला ऐकू जातं. आळशीपणाचा शिक्का सुनेवर बसतो आणि पाठराखीण पदराआड हसत असते. पुरुष पेंगला तर ‘थकलाय बिचारा’.

खरी पंचाईत दसऱ्यानंतर. बीड जिल्ह्यातले लाखो मजूर ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडात पहाटे उजाडायच्या आत हात चालू लागतात. रात्री अकराला घेतलेली गोळी त्या वेळी ऐन भरात असते. धारदार कोयता, डोक्यावर उसाची मोळी, ट्रकला लावलेली अरुंद फळी, आणि खांद्यावर हात टाकून उभी असलेली ही. म्हणून ‘तोडीला जायचंय का’ हा प्रश्न दवाखान्यातच निघायला हवा. कधी गोळी जेवणाबरोबर आठच्या आत घेऊन भागतं, कधी मात्रा कमी करून, कधी गोळीच बदलून. या बाई आपणहून बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आवरतं घेतात, पण मुक्काम लांबलाच तर मुराळी म्हणून डॉक्टरलाच बोलवावं लागतं.

लोक मुराळ्याची वाट बघत नाहीत. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून एक दिवस आख्खी पट्टीच पाचटात भिरकावली जाते. पाठराखिणीचा राग नवरीवर. मग चार दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. काही आठवड्यांनी जुनी उदासी सामानासकट परत. उदासी येताना कुणाला विचारत नाही.

फडातून अंबाजोगाई लांब. सहा महिन्यांच्या गोळ्या कुणी एकदम बांधून देत नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला जुना केसपेपर मात्र कोपीत, रेशनकार्डाच्या पिशवीत, नीट ठेवता येतो. आणि 2022 पासून टेलिमानसचा 14416 हा फुकटचा नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. बाईंची गाऱ्हाणी तिथे सांगता येतात. फक्त पलीकडून कुणी फोन उचलेपर्यंत डुलकी लागू द्यायची नाही. ही तेवढ्यातही घात करते.