तिशीनंतरची मुरुमं

मुरुमं ही कॉलेजच्या वयातली गोष्ट, लग्न झालं की आपोआप जातात, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. मुरुमं गेली नाहीत, फक्त कपाळावरून हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला उतरली. हैदराबादच्या उन्हाळ्यात ऑफिसला पोचेपर्यंत चेहरा नुसता तेलकट होतो. काचीगुड्याला माहेरी गेलं की आत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं, तोंडाला काय झालं? पाणी कमी पितेस का?" मग तिखट, चहा, जागरण आणि लॅपटॉप, सगळ्यांवर खापर फुटतं.

खरं कारण त्वचेच्या आत असतं. तिथल्या तैलग्रंथी अँड्रोजन हार्मोनच्या इशाऱ्यावर तेल तयार करतात. ते तेल आणि मृत पेशी मिळून रंध्राचं तोंड बंद करतात, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. म्हणून अनेकींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर दुखऱ्या गाठी येतात. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर राठ केस वाढत असतील, तर पीसीओएसची तपासणी करून घ्यायला हवी. 'चेहरा नीट धूत नाहीस' हा आरोप मात्र खोटा आहे. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरतो. साबणानं घासत राहिलं तर त्वचा आणखी चिडते.

आता पार्लर. फेशियलनंतर चेहरा चमकतो, ते खरं आहे. मसाजनं रक्तप्रवाह वाढतो, स्क्रबनं वरचा मृत थर निघतो. पण मुरुमाचं मूळ खाली तसंच राहतं. सुजलेल्या मुरुमांवर तेलकट क्रीमचा मसाज, वाफ आणि वर ब्लीच म्हणजे आगीत तेलच. मुरुमं दाबून काढली तर आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर काळे डाग महिनोन् महिने राहतात.

हे सगळं मी वाचायला लागले ते माझ्या धाकट्या मावसबहिणीमुळे. तिचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. पार्लरमधून मिळालेलं एक क्रीम ती रोज रात्री लावत होती. पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा इतका नितळ झाला की मावशीनंही एक ट्यूब मागवली. नंतर एक दिवस लावायचं राहिलं, तर गाल लालबुंद होऊन आग व्हायला लागली. ट्यूबवर बारीक अक्षरांत 'मोमेटासोन' लिहिलं होतं. ते स्टेरॉइड आहे. त्यानं सूज आणि लाली दबते, म्हणून सुरुवातीला जादू वाटते. पण महिनोन् महिने लावलं तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, केस वाढतात आणि नव्यानं मुरुमंही येतात. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात.

मावशी माझ्यावर चिडली. "लग्न तोंडावर आलंय आणि तू क्रीम बंद करायला सांगतेस?" मी बहिणीला घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी क्रीम टप्प्याटप्प्यानं सोडवलं. मधले तीन आठवडे वाईट गेले, ती रडलीही. लग्नात मेकअपखाली थोडी लाली होतीच, पण आग थांबली होती.

त्याच वेळी मी स्वतःलाही दाखवून घेतलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "मुलाचा विचार चालू आहे का?" चालू होता, पण तो प्रश्न मला पार्लरमध्ये कधीच कुणी विचारला नव्हता. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. त्या चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते. अ‍ॅडापॅलीनसारखी रेटिनॉइड मलमंही गरोदरपणात टाळतात. म्हणून मला अझेलेइक अ‍ॅसिडचं मलम मिळालं. त्यानं मुरुमांबरोबर डागही फिके होतात. जोडीला ग्लायकोलिक अ‍ॅसिडच्या सौम्य पीलच्या चार बैठका झाल्या, दर तीन आठवड्यांनी एक. पीलनंतर उन्हात जायचं तर सनस्क्रीन लावल्याशिवाय नाही, आणि सोलणारी त्वचा नखानं काढायची नाही, एवढी बंधनं होती.

फरक दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. कोणतंही मलम आठ ते बारा आठवडे घेतंच, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी नवं काही आणण्यात अर्थ नसतो. पाळीच्या आधी अजूनही एखादी पुटकुळी डोकावते. ती मी तशीच राहू देते.

मावसबहीण आता कोणतंही क्रीम घ्यायच्या आधी ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवते, "ताई, यात काय आहे बघ." मागच्या आठवड्यात तसाच एक फोटो मावशीकडूनही आला.